कणांची कला : खूण आणि घाव

दशावतारी खेळात राक्षसाचा प्रवेश कधी गुपचूप होत नाही. आतून आरोळी उठते, पखवाज-झांजेची लय चढते, आणि कोणी तरी मशालीवर मूठभर राळ फेकतो. क्षणात ज्वाळेचा लोळ उठतो, ठिणग्या उडतात, उग्र वास मांडवभर पसरतो, आणि त्या धुरातून राक्षसाचे तोंड हळूहळू दिसू लागते. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडील असो वा पेडणे-डिचोलीकडील असो, जत्रेच्या रात्री देवळापुढे जागलेल्या जुन्या प्रेक्षकास हा भडका सांगावा लागत नाही. राळ म्हणजे तरी काय? झाडाच्या वाळलेल्या चिकाची भुकटी. तिचा ढीग पेटविला तर ती नुसती धुमसत राहील. तीच हवेत उधळली की तिचा कण न्‌ कण वेगळा पेटतो, आणि असंख्य कणांचा मिळून एक देखावा होतो. आज ज्या कलेविषयी आम्ही लिहिणार आहो, तिचे सारे मर्म ह्या मूठभर राळेत आहे.

मात्र ही राळ आम्हांस आठवली ती कोकणात नव्हे, तर भोपाळात. रायसेन रस्त्याच्या बाजूस, भेलच्या वसाहतीशेजारी इंद्रपुरी नावाची वस्ती आहे. १९५६ साली भोपाळात विजेच्या अवजड यंत्रांचा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि त्यापायी नाना प्रांतांतील माणसे तेथे येऊन वसली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. अशाच एका मराठी घरी आम्ही अलीकडे काही दिवस पाहुणे होतो. यजमानांचा मुलगा महाविद्यालयात शिकतो. तो व त्याचे तीन मित्र मिळून संगणकावर खेळावयाचा एक खेळ रचीत होते. प्रत्येकाने आपापल्या घरी, आपापल्या पडद्यापुढे बसावयाचे, आणि तरी सर्वांनी एकाच रणांगणात उतरावयाचे, अशी त्या खेळाची मांडणी होती. मुलाकडे काम होते आगीचे. हातगोळा पडला की आग कशी पसरावी, ज्वाळा किती उंच जाव्यात, त्यांतून ठिणग्या कशा सुटाव्यात, धूर केव्हा विरावा, हे सारे तो आठ दिवस घडवीत होता. "काका, आता बघा," असे म्हणून त्याने आम्हांस जी आग दाखविली ती खरोखर देखणी होती. बुडाशी निळसर, मध्ये पिवळी, वर तांबूस होत जाणारी. आणि विझताना एकदम न विझता, एखादा सूर विरत जावा तशी विरणारी.

त्याच रात्री चौघांनी खेळून पाहिले. मुलाने गोळा फेकला. त्याच्या पडद्यावर आगीचा डोंब उसळला. दुसऱ्या सेक्टरात बसलेला मित्र सरळ त्या आगीत चालत गेला आणि कोसळला. लगेच फोनवरून त्याचा संतप्त आवाज आला, "भाई, आग थी कहाँ?" त्याच्या जुन्या, स्वस्त फोनवर आगीच्या जागी दोनचार ठिणग्या काय त्या उडाल्या होत्या. त्यास वाटले, कोणाची बंदूक चमकली असेल. तो खेळात मेला, आणि कशाने मेला हे त्यास कळले नाही.

प्रसंग क्षुल्लक आहे. परंतु त्या मित्राच्या प्रश्नात ह्या नव्या कलेची सबंध कसोटी सामावली आहे, असे आम्हांस वाटते.

ज्यास खेळ रचणारे लोक 'पार्टिकल इफेक्ट' म्हणतात त्या प्रकाराची घडण वाचकांपुढे थोडक्यात ठेवणे येथे अवश्य आहे. घर, झाड, माणूस ह्यांस निश्चित पृष्ठभाग असतो. संगणकात त्यांचा सांगाडा उभारता येतो. आग, धूर, धूळ, पाऊस ह्यांस असा पृष्ठभाग नाही. त्यांची आकृती म्हणजे कणांची गर्दी. विल्यम रीव्हज ह्या शास्त्रज्ञाने १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ह्या गर्दीचे शास्त्र बांधले. त्याच्या आदल्याच वर्षी 'स्टार ट्रेक' मालिकेतील दुसऱ्या चित्रपटात एका निर्जीव ग्रहावर आगीची भिंत पसरत जाताना दाखविली होती, ती ह्याच रीतीने. त्या रीतीत प्रत्येक कणास जन्म असतो, वय असते आणि मृत्यू असतो. जन्मतः त्यास जागा, वेग, दिशा, रंग, आकार आणि आयुर्मर्यादा दिली जाते. वय वाढेल तसा त्याचा रंग पालटतो, तो पारदर्शक होत जातो आणि मुदत संपली की नाहीसा होतो. रचणारा एकेका कणास हात लावीत नाही. तो केवळ नियम आणि मर्यादा सांगतो. त्या मर्यादेत कोणता कण कोठे जाईल हे यदृच्छेवर सोडतो. राळ फेकणाऱ्याचे मनगट तरी ह्याहून वेगळे काय करते?

इंद्रपुरीची मुले वापरीत होती ते 'रोब्लॉक्स' नावाचे साधन ह्याच तत्त्वावर चालते. त्यात कण उडविणारी एक वस्तू आयती मिळते. ती जशी येते तशी ठेवली तर सेकंदास २० कण सोडते, आणि प्रत्येक कण ५ ते १० सेकंद जगतो. पुढचे सारे स्क्रिप्ट लिहिणाराने ठरवावयाचे. ती स्क्रिप्ट ज्या भाषेत लिहितात तिचा उगम 'लुआ' ह्या भाषेत आहे. १९९३ साली ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथील कॅथलिक विद्यापीठात ती निर्माण झाली, आणि तिच्या नावाचा अर्थ पोर्तुगीज भाषेत चंद्र. गोव्यातील आमच्या जुन्या वाचकांस हा शब्द परका वाटणार नाही. कोंकणीतल्या 'चंद्रीम'चाच तो दूरदेशीचा सोबती. ब्राझीलच्या त्या चंद्राच्या उजेडात भोपाळचा एक मराठी मुलगा आग पेटवितो, ही गोष्ट आम्हांस मोठी मनोरम वाटली.

आता एकट्याने खेळावयाच्या खेळात हे शास्त्र येथे संपते. तेथे इफेक्ट हा चित्रासारखा आहे. तो पाहणारा एक, त्याचा पडदा एक, आणि आग सुंदर दिसली की काम झाले. बहुतांनी मिळून खेळावयाच्या खेळात मात्र एक विलक्षण गोष्ट घडते. तेथे आग एक नसते. जितके खेळाडू तितक्या आगी असतात. मधला सर्व्हर, म्हणजे ज्याच्या ताब्यात खेळाचा न्यायनिवाडा असतो तो संगणक, आग पाहत नाही आणि दाखवीतही नाही. हजारो कणांची जागा क्षणोक्षणी सर्वांस कळवीत बसणे त्यास परवडणारे नाही. तो फक्त एक वार्ता पाठवितो : अमुक ठिकाणी, अमुक क्षणी गोळा फुटला. ती वार्ता मिळाली की प्रत्येक खेळाडूचे यंत्र स्वतःपुरती स्वतःची आग पेटविते. यंत्र सबळ असेल तर आग दाट, दुर्बळ असेल तर विरळ. रोब्लॉक्ससारखी साधने दुर्बळ यंत्रावर कण आपण होऊन कमी करतात. ह्यात गैर काही नाही, कारण एकावर एक शेकडो पारदर्शक थर चढविणे लहान फोनच्या शक्तीबाहेरचे आहे. कण कमी केले नाहीत तर खेळच अडखळत चालेल. पण जाळण्याचा अधिकार त्या कणांकडे नसतो. तो सर्व्हरकडे असतो. त्याच्या हिशेबी जमिनीवर एक अदृश्य चौकट आखलेली असते, आणि त्या चौकटीत जो पाऊल टाकील तो जळतो. मग त्यास ज्वाळा दिसोत वा न दिसोत.

म्हणजे खूण एकीकडे आणि घाव दुसरीकडे. खूण दाखविणारा वेगळा, घाव घालणारा वेगळा, आणि दोघांत दुवा केवळ एका वार्तेचा. हा दुवा अभंग राखणे हे इफेक्टची स्क्रिप्ट लिहिणाराचे पहिले कर्तव्य आहे. सौंदर्य त्यानंतर येते.

जुन्या कलांस ही अडचण कधी आली नाही. दशावताराच्या मांडवात राळ एकच होती. पुढे बसलेल्या मुलास ती जवळून दिसे, मागे उभ्या असलेल्या वृद्धास दुरून. पण भडका तोच, वास तोच, आणि दचकण्याचा क्षणही तोच. जेजुरीस भंडारा उधळतात तेव्हा ज्याच्या त्याच्या डोळ्यांपुढे वेगळे पिवळे आभाळ नसते. फार काय, संगणकावरील आद्य खेळांपैकी एक, १९६२ साली मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्येच्या संस्थेत रचलेला 'स्पेसवॉर', हाही दोघांनी मिळून खेळावयाचा होता. त्यात यान फुटले म्हणजे ठिपक्यांचा पुंजका इतस्ततः उडे. तोही कणांचाच देखावा. परंतु दोघे खेळाडू एकाच काचेपुढे बसत, म्हणून दोघांची साक्ष एक होती. खेळाडू एकमेकांपासून दूर गेले, प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र पडदा आला, तेव्हा ही एक साक्ष फुटली. आज ती स्क्रिप्टच्या बळावर पुन्हा सांधावी लागते.

ह्यावर कलावादी वाचक असा आक्षेप घेईल की आम्ही इफेक्टला केवळ एक इशाऱ्याची पाटी करून टाकीत आहो. हा आक्षेप हलका नाही. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) ह्या ग्रंथाने आपल्याकडील एका पिढीस कलाकृतीचे मूल्य तिच्या बाहेरच्या उपयोगात न शोधता तिच्या अंतर्गत लयीत, संवाद, विरोध आणि समतोल ह्या संबंधांत, शोधावयास शिकविले. त्या कसोटीवर इंद्रपुरीच्या मुलाची आग उतरत होती. निळ्या बुडाचा आणि तांबूस शेंड्याचा विरोध तीत होता. ज्वाळेची चढण आणि धुराची उतरण ह्यांचा समतोल होता. असे असता ती फसली, आणि तिची फसगत बाहेरून आलेली नव्हती. कारण मिळून खेळण्याच्या खेळात दुसऱ्याचा पडदा हा कृतीच्या बाहेरचा प्रदेश नव्हे. तो त्या कृतीचाच अर्धा भाग आहे. ज्या आगीचा अर्धा भाग रिकामा राहिला तिचा समतोल साधला असे कसे म्हणावे? औचित्याचा विचार आपल्याकडे क्षेमेंद्रापासून चालत आला आहे. अलंकार सुंदर असून भागत नाही, तो योग्य स्थानी असावा लागतो. येथे त्या स्थानाचा अर्थ इतकाच की चार माणसांच्या चार पडद्यांवर एकच अर्थ उमटला पाहिजे.

एकच अर्थ म्हणजे एकच चित्र नव्हे, हे मात्र लगेच सांगितले पाहिजे. यदृच्छेचा खेळही संगणक हिशेबाने खेळतो. एकच 'बीज' सर्व यंत्रांस दिले तर त्यांतून निघणारी आकड्यांची रांगही एकच निघते, आणि मग कण पुष्कळसे जुळविता येतात. पण दर ठिकाणी असा अट्टाहास करण्याची गरज नाही. दोन गवयांनी एकच राग गाइला तर त्यांच्या ताना वेगळ्या असतात. राग मात्र कोणता हे श्रोत्यांस चुकता कामा नये. तद्वत एकाच्या पडद्यावर शंभर ज्वाळा असोत आणि दुसऱ्याच्या पडद्यावर दहा. आगीची सीमा, तिचा आरंभ आणि तिचा शेवट ह्या तीन गोष्टी सर्वत्र सारख्या असल्या म्हणजे झाले.

मोठमोठ्या खेळांचे परीक्षणही ह्याच दृष्टीने केले पाहिजे, असे आमचे मत आहे. त्या खेळांत धुराचे गोळे फेकतात. धूर दुखापत करीत नाही. तो दृष्टी झाकतो. आपण धुरामागे लपलो आहो असे एकास वाटावे आणि दुसऱ्यास तो उघडा दिसावा, ह्यासारखा अन्याय नाही. 'काउंटर-स्ट्राइक'च्या जुन्या आवृत्तीतला धूर कोठे उभे राहून पाहावे त्याप्रमाणे वेगळा दिसू शके. २०२३ साली आलेल्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत रचनाकारांनी ही रीतच बदलली. तेथे धूर जागा व्यापतो, भिंती-दारांच्या आकाराप्रमाणे पसरतो, गोळी आरपार गेली की क्षणभर त्यास भोक पडते, बॉम्बच्या दणक्याने तो बाजूस सरतो, आणि तो सर्व खेळाडूंस सारखा दिसतो. हा बदल आम्हांस केवळ तांत्रिक वाटत नाही. धुराचे रूप आणि धुराचा अधिकार ह्यांतील अंतर कमी करण्याचा तो प्रयत्न आहे, आणि त्या धुरास आलेले देखणेपण हे ह्या प्रामाणिकपणातूनच आले आहे.

उलट उदाहरण मैदानी खेळांतील गवताचे. विस्तीर्ण माळरानावर दूरचे गवत काढीत बसणे यंत्रास जड जाते, म्हणून अशा कित्येक खेळांत ते ठरावीक अंतरापलीकडे काढलेच जात नाही. गवतात पालथा पडलेला खेळाडू स्वतःस झाकलेला समजतो. दुरून दुर्बिणीतून पाहणाऱ्यास तो बोडक्या जमिनीवर पडलेला दिसतो. गवत हे कण नव्हेत, पण दोष त्याच जातीचा. येथे खूण खोटी आहे, आणि ज्यास ती दिसते त्याचाच ती घात करते.

तिसरे उदाहरण आपल्या देशातले, आणि म्हणून अधिक विचार करण्याजोगे. २०२० च्या सप्टेंबरात 'पबजी मोबाइल'वर बंदी आली आणि २०२१ च्या जुलैत 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' ह्या नावाने त्याची भारतापुरती आवृत्ती निघाली. तीत गोळी लागली असता लाल रक्त न उडता हिरवे कण उडतात. पुष्कळांनी ह्याची थट्टा केली. आम्हांस ती थट्टा पटत नाही. गोळी वर्मी लागली की हुकली हे खेळाडूस कळणे अवश्य आहे. रक्त दिसणे अवश्य नाही. तेथे घावाची खूण राखली आणि बीभत्स रस वगळला. राक्षसाचे पोट फाडल्याचे दाखविण्यास दशावतारी तरी कोठे रक्त आणतात? तथापि आमचीही एक तक्रार आहे. हिरवा हा निवडलेला रंग नव्हे, टाळलेला रंग आहे. लाल नको म्हणून तो आला. स्वतःचे असे काही सांगण्यास आला नाही. ज्या देशात गुलाल, भंडारा, बुक्का आणि राळ अशी उधळण्याची इतकी द्रव्ये आहेत, आणि प्रत्येकीस आपला अर्थ आहे, तेथील रचनाकारांनी रंगाचा इतका दरिद्री विचार करू नये.

हल्ली ह्या खेळांत आणखी एक प्रकार बोकाळला आहे तो विकत मिळणाऱ्या झगमगाटाचा. पैसे मोजले की बंदुकीतून फुलपाखरे उडतात, मेलेल्या शत्रूभोवती सोन्याचा पाऊस पडतो. कोणी आपली हौस करावी, ह्यास आमची हरकत नाही. परंतु त्या सोनेरी पावसात खरी आग दिसेनाशी झाली, तर एकाच्या हौसेची किंमत दुसरा देतो. 'लीग ऑफ लेजंड्स' ह्या खेळाच्या इफेक्टकारांनी आपल्या कामाची जी नियमावली प्रसिद्ध केली आहे तीत खेळातील स्पष्टतेस अग्रस्थान दिलेले आहे. हा संयम आपल्याकडील होतकरू मुलांनी गिरवावा. ज्या खुणेमागे घाव नाही ती केवळ मिरवणूक आहे. आणि मिरवणुकीने वाट अडली म्हणजे रसिकही कंटाळतो.

ह्याच तत्त्वाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे, आणि ती सांगताना आम्ही कोणत्या गावी बसलो होतो हे विसरणे शक्य नाही. जो घाव खुणेवाचून येतो त्याचे काय? १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरमधल्या रात्री ह्याच भोपाळात युनियन कार्बाइडच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. झोपलेल्या माणसांस प्रथम कळले ते डोळ्यांच्या आगीने. कोणी तरी मिरच्या जाळीत आहे असे कित्येकांस वाटले. काय सुटले आहे, कोठून येत आहे, कोणत्या दिशेस पळावे, हे सांगणारी खूण त्या अंधारात नव्हती. हजारो माणसे गेली, आणि त्याहून कितीतरी अधिक माणसे जन्माची अधू झाली. त्या रात्रीची आणि पोरांच्या खेळाची तुलना करणे हा आमचा हेतू नाही. तशी तुलना करणारास भोपाळने घरात घेऊ नये. पण ज्या गावाने खुणेवाचून आलेला घाव भोगला, त्या गावातील मुलाने खेळातल्या आगीसही खूण असलीच पाहिजे असा आग्रह धरला, तर तो आग्रह आम्हांस नुसता तांत्रिक वाटत नाही. हिंदीत 'धुआँ', कोंकणीत 'धुंवर', मराठीत 'धूर'. पुण्या-मुंबईस हा शब्द साधा असेल. भोपाळात तो जपून उच्चारावा लागतो.

मुलांनी पुढे काय केले ते सांगितले पाहिजे, कारण खरी कलाकृती तेथे घडली. साधनाचा दोष नव्हता हे त्यांस लवकरच कळून आले; दोष स्क्रिप्टचा होता. दुसऱ्या दिवशी चौघांनी बसून तीन सुधारणा केल्या. पहिली अशी की सर्व्हरने आग स्वतः पेटवावयाची नाही. केवळ वार्ता द्यावयाची, आणि प्रत्येक यंत्राने आपली आग आपण पेटवावयाची. दुसरी अशी की आग पडल्यापासून अर्धा सेकंद ती कोणास जाळणार नाही. दूरच्या खेळाडूकडे वार्ता पोहोचण्यास आणि त्याच्या डोळ्यांनी ती वाचण्यास तेवढा अवधी द्यावयाचा. तिसरी सुधारणा सर्वांत साधी होती आणि तिच्यावरून भांडणही सर्वांत मोठे झाले. ज्या चौकटीत आग जाळते, बरोबर तेवढ्याच जागी जमिनीवर एक काळा, करपलेला डाग उमटवावयाचा. डाग कणांचा नव्हे, ठोस. म्हणजे फोन कितीही दुबळा असला तरी तो गळणार नाही.

आग रचणारा मुलगा ह्या डागावर रुसला. आठ दिवस खपून केलेल्या ज्वाळांच्या पायाशी हे डांबराचे ठिगळ त्यास सोसवेना. "काका, पूर्ण शोभा गेली," असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. पहिल्या दिवशीचा डाग खरोखर ओबडधोबड होता. परंतु दोन रात्रींनी त्याने त्या डागाची कड कुरतडली, तिला ज्वाळांच्या तांबड्याशी जुळणारी निखाऱ्याची किनार दिली, आणि आग विझल्यावर डाग हळूहळू राखाडी होत जाईल अशी योजना केली. आता डाग ज्वाळांस जमिनीवर धरून ठेवू लागला. पूर्वीची आग हवेत तरंगत असल्यासारखी भासे. ही जमीन जाळीत होती. स्वस्त फोनवरच्या मित्रास ज्वाळा पूर्वीइतक्याच विरळ दिसल्या, पण तो डागाच्या कडेशी येऊन थांबला आणि वळसा घालून गेला. फोनवरून ह्या वेळी शिवी आली नाही. ह्या कलेत टाळ्यांच्या जागी बहुधा अशी शांतताच मिळते.

आमच्या मते पहिल्या आगीपेक्षा ही दुसरी आग केवळ न्याय्य नव्हे, अधिक सुंदरही होती. बंधनाने कलेस आकार आला. ओवीस छंदाचे बंधन असते, दशावतारी नटास कथेचे असते, तसे इफेक्टकारास दुसऱ्याच्या पडद्याचे बंधन आहे. ते बंधन ज्यास जाच वाटते त्याने एकट्याने पाहावयाची चित्रे काढावीत. त्यातही मोठी कला आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स ह्या मंडळीने २०२० साली काढलेला 'राजी' हा खेळ एकट्याने खेळावयाचा होता, आणि त्यात छायाबाहुल्यांच्या रीतीने कथा सांगून त्यांनी आपल्या दृश्यपरंपरेस पडद्यावर मानाने बसविले. पुण्याच्याच सुपरगेमिंगने २०२४ साली 'इंडस' हा बहुतांनी खेळावयाचा खेळ आणला. भारतीय कल्पनेतले भविष्य दाखविण्याची प्रतिज्ञा त्याने केली आहे. अशा प्रयत्नांपुढे आता खरा प्रश्न हा आहे की भारतीयपण केवळ नावांत आणि पेहरावात राहणार, की आगीच्या आणि धुराच्या वागण्यातही उतरणार? गुलाल उधळला म्हणजे तो ठिणगीसारखा चमकून विझत नाही. तो अंगावर, केसांवर, जमिनीवर बसतो आणि घरी जाईपर्यंत सोबत राहतो. भंडारा वाऱ्यावर तरळतो. राळ क्षणात पेटते, क्षणात संपते, आणि मागे वास ठेवते. ह्या प्रत्येकाचा वेग, वजन आणि आयुष्य वेगळे आहे. म्हणजेच स्क्रिप्ट लिहिणारास जे जे आकडे भरावे लागतात ते ते सारे आपल्या जत्रांत पूर्वीच लिहून ठेवलेले आहेत. ते वाचावयास डोळे मात्र हवेत.

एक मर्यादा मान्य करून आम्ही हे विवेचन आवरतो. खेळाडूच्या यंत्रात राहणारी खूण शेवटी त्याच्याच हाती असते. लबाड खेळाडू आपल्या यंत्रातून धूर पुसून टाकतात आणि धुरामागच्या बेसावध माणसास टिपतात, ही गोष्ट आज गुपित राहिलेली नाही. स्क्रिप्ट कितीही चोख लिहिली तरी दुसऱ्याच्या डोळ्यांवर तिची सत्ता चालत नाही. म्हणून मिळून खेळण्याचा प्रत्येक खेळ हा अखेर एका विश्वासावर उभा असतो : मला जे दिसते ते तुलाही दिसते, आणि तुला दिसू नये ते तू पाहत नाहीस. दशावताराच्या मांडवातही हा विश्वास होताच. राळ फेकणारा सर्वांच्या देखत राळ फेकी, तो कोण हे गावास ठाऊक असे, आणि तरीही भडका उडाला की सारा मांडव दचके.

निघण्याच्या आदल्या रात्री चौघे पुन्हा खेळले. आम्ही मागे बसून पाहत होतो. मुलाने गोळा फेकला, जमीन काळवंडली, ज्वाळा उठल्या. त्याच क्षणी फोनवरून तिघांचे तीन आवाज एकदम आले, "आग, आग!" इंद्रपुरीच्या निरनिराळ्या घरांत, निरनिराळ्या काचांपुढे बसलेली चार पोरे एकाच क्षणी दचकली होती. आम्हांस मशालीवर पडलेली राळ आठवली.